मादाम बोव्हारीचे आठ रविवार: बाई भारी, पीडीएफ भंगार

फ्रेंचची बी-वन (मधल्या पातळीची परीक्षा) झाल्यापासून एखादी क्लासिक कादंबरी कुणाकडून तरी नीट शिकायची होती, म्हणून फ्लोबेरच्या 'मादाम बोव्हारी'वरचा हा ऑनलाइन कोर्स घेतला. कोणाचा ते लिहीत नाही, कारण थोडी कुरकुर पण आहे. फी २८०० रुपये, आठ रविवार, दीड तासाचं सेशन.

आधी कुरकूर. पहिल्याच दिवशी पीडीएफ येते आणि त्यात टेबल, एमा म्हणजे स्वप्नाळूपणा, तिचा नवरा शार्ल म्हणजे सामान्यपणा, उधारीवर कापड विकणारा लरो म्हणजे पैसा, औषधवाला ओमे म्हणजे प्रगतीच्या बाता. झालं, खेळ खलास! अगदी दहावीचं गाईड. परीक्षेला चालेल हो, पण एकदा चिठ्ठी चिकटवली की त्या माणसाकडे परत बघायलाच नको.

शिकवणाऱ्या बाई मात्र स्वतः ते टेबल उघडतसुद्धा नाहीत. तिसऱ्या रविवारी कृषी प्रदर्शनाचा सीन घेतला. खाली चौकात सरकारी पाहुण्याचं भाषण आणि बक्षीस समारंभ, वर नगरपालिकेच्या माडीवर रोदोल्फ नावाचा रंगेल जमीनदार एमाला गोड गोड बोलून पटवतोय, आणि फ्लोबेर एक वाक्य वरचं एक खालचं असं लावत जातो, प्रेमाच्या आणाभाका चालू असतानाच मध्येच शेणखताचं बक्षीस जाहीर होतं. मी माइक म्यूट न करता हसले 🙈

मग कातरीन लरू येते. एकाच शेतावर ५४ वर्षं राबलेली म्हातारी, तिला २५ फ्रँकचं चांदीचं मेडल. नाव पुकारलं तरी बिचारीला पुढे यावं की पळावं कळत नाही. बाईंनी फक्त तिच्या हातांचं वर्णन वाचलं, आधी फ्रेंचमध्ये मग मराठीत, स्वच्छ पाण्याने धुतलेले तरी मळकट दिसणारे, काम करून करून अर्धवट उघडेच राहिलेले हात. मेडल घेऊन ती म्हणते गावच्या पाद्रीबुवांना देईन, माझ्यासाठी प्रार्थना करतील, आणि ओमे शेजारच्या नोटरीकडे झुकून म्हणतो, काय हा धर्मवेडेपणा! बस, तेवढ्या एका शेऱ्यात सगळा ओमे कळला मला. शेवटी सरकारी सन्मान यालाच मिळतो. कातरीन पीडीएफमध्ये नाहीच, एक-दोन पानांचं पात्र ना.

शार्लचंही तेच. रोदोल्फ एमाला सोडताना पत्रात सगळा दोष नशिबावर ढकलतो, हा शब्द हमखास लागू पडतो असं मनात म्हणत. पुढे ते पत्र शार्लला सापडतं, आणि अगदी शेवटी रोदोल्फसमोर बसून तो म्हणतो तुमच्यावर राग नाही, दोष नशिबाचा. थापाड्याचा शब्द, पण हा मनापासून बोलतोय. टेबलात याच्यापुढे काय तर 'सामान्यपणा'! हे सांगताना बाईंचा आवाज जरा बसला होता, की माझं नेट गंडलं होतं कोण जाणे.

१८५७ च्या खटल्यावर (पुस्तक अनैतिक म्हणून केस झाली, फ्लोबेर सुटला) जेमतेम दहा मिनिटं, ती वाढवा प्लीज. रेकॉर्डिंग महिनाभरच मिळतं.

पाचपैकी चार स्टार, एक पीडीएफने खाल्ला. आणि कादंबरी पूर्ण वाचूनच बसा, दुसऱ्याच रविवारी बोलता बोलता एमा विष खाते ते सांगून टाकलं, मी तेव्हा पंचेचाळिसाव्या पानावर होते.