निवासमंडपाचा लाकडी जोडसंच : शाळेने घ्यावा का?

बायबलमधल्या निर्गमाच्या पुस्तकातला निवासमंडप, म्हणजे इस्राएली लोकांनी रानातल्या प्रवासात उभारलेला देवाच्या उपासनेचा तंबू, वर्गात नुसता वाचून दाखवला, तर मुलं तिसऱ्या-चौथ्या वचनालाच कंटाळतात. फळ्या किती, खांब किती, पडदा किती हात लांब, सगळी जंत्रीच. तोच मंडप मुलांना हातांनी उभारायला दिला, की याच आकड्यांवरून वाद सुरू होतात आणि वाद मिटवायला पोरं आपणहून बायबल उघडतात. म्हणून ख्रिस्ती शाळा आणि संडे स्कूलसाठी मिळणाऱ्या लाकडी जोडसंचांकडे आशेने पाहावंसं वाटतं. हे परीक्षण लेझरने कापलेल्या 3 मिमी एमडीएफच्या (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या पाटीच्या) संचाचं. ऑनलाइन मागवता येतो आणि चौथी ते सातवीच्या मुलांना जमतो.

संचाची सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे प्रमाण. एक हात म्हणजे एक सेंटिमीटर. अंगण 100 हात लांब आणि 50 हात रुंद, म्हणजे तळपाटावर 100 सेंमी बाय 50 सेंमी. मंडप 30 हात लांब, 10 रुंद, 10 उंच. मुलाला भागाकार करावा लागत नाही, वचनातला आकडा पट्टीवर तसाच्या तसा सापडतो. मात्र माहितीपत्रक इंग्रजीत आहे आणि त्यात सगळीकडे क्युबिट छापलंय. आपल्या मराठी बायबलमध्ये सरळ ‘हात’ आहे, मुख्य याजकाच्या छातीवरच्या ऊरपटाचं माप तर ‘वीत’. ही मापं मुलांच्या अंगावरच आहेत. त्यामुळे पत्रक बाजूला ठेवा आणि पहिल्या तासाला खोका उघडूच नका. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत प्रत्येकाने आपला हात मोजावा. मुलांचे हात पस्तीस-चाळीस सेंमीच्या आसपास भरतात, बाईंचा किंवा सरांचा पंचेचाळीसच्या जवळ जातो. मग हात नक्की कुणाचा धरायचा, हा प्रश्न मुलंच विचारतात. साधारण 45 सेंमी धरला तर खरं अंगण 45 मीटर बाय साडेबावीस मीटर होतं. मुंबईतल्या बऱ्याच शाळांच्या मैदानात ते मावणार नाही. पण मंडप साडेतेरा मीटर बाय साडेचार मीटरचा. तो लांब-रुंद व्हरांड्यात खडूने किंवा मैदानाच्या कोपऱ्यात फक्कीने आखता येतो. आखलेल्या मंडपात मुलांना उभं करून मगच संचाला हात लावावा.

कुंपणाचे खांब 60. दक्षिणेला 20, उत्तरेला 20, पूर्व-पश्चिमेला 10-10. इथे हमखास घोटाळा होतो. तळपाटाच्या लांब बाजूवर मुलं भोकं मोजतात आणि ती भरतात 21. ‘संच चुकलाय’ असा ओरडा होतो. संच बरोबर आहे. दर 5 सेंमीवर एक खांब, आणि कोपऱ्यातला खांब दोन बाजूंना सामाईक. लांब बाजूंवर कोपरे धरून 21 आणि 21, आखूड बाजूंवर कोपरे सोडून 9 आणि 9, एकूण 60. उत्तर सांगून टाकू नका. एका कोपऱ्यापासून निघून गोल फिरत मोजायला लावा आणि प्रत्येक बाजूचा शेवटचा खांब पुढच्या बाजूच्या हिशेबात टाका, की वचनातले वीस-वीस, दहा-दहा जुळतात.

आता पडदे. संचाची खरी चूक इथे आहे. मंडपावर घालायला त्यांनी 30 सेंमी बाय 30 सेंमीचे तयार कापलेले, छापील कापडाचे तुकडे दिलेत. दिसायला छान, पण वचनातलं सगळ्यात सुंदर गणित त्यांनी कापून टाकलंय. निर्गम 26 प्रमाणे आतले तागाचे पडदे 10, प्रत्येक 28 हात लांब आणि 4 हात रुंद. पाच-पाच जोडून दोन मोठे पट, आणि ते पट सोन्याच्या आकड्यांनी, म्हणजे हुकांनी, एकमेकांना अडकवलेले. एकूण 40 हात बाय 28 हात. हा पडदा मंडपावर आडवा घाला. डावी भिंत 10, छत 10, उजवी भिंत 10, मिळून 30 हात. पडदा 28च. म्हणजे दोन्ही बाजूंना तो जमिनीपासून एक-एक हात वर राहतो. त्यावरचे बकऱ्याच्या केसांचे 11 पडदे 30 हात लांब आहेत, ते बरोबर जमिनीला टेकतात. वचनात जो जास्तीचा एक-एक हात सांगितलाय, तो मुलाला बोटाखाली सापडतो.

लांबीचं तर याहून देखणं. पडदा दारापासून मागे सोडला की छताचे 30 आणि मागच्या भिंतीचे 10, असे चाळीस हात पुरे होतात. दोन पटांचा सांधा दारापासून 20 हातांवर येतो. मंडपाचे आत दोन भाग करणारा पडदा, म्हणजे अंतरपट, या हुकांच्या खाली टांगावा, अशी आज्ञा आहे. त्यामुळे पवित्रस्थान 20 हात आणि मागचं परमपवित्रस्थान 10 बाय 10 बाय 10 हातांचं, चौरस पेटीसारखं होतं. ही जागा पट्टीने शोधून अंतरपट लावणाऱ्या मुलाला, येशूच्या मृत्यूवेळी मंदिरातला असाच पडदा फाटण्याचा अर्थ मत्तयाच्या 27व्या अध्यायात वेगळा समजावावा लागत नाही. छापील तुकड्यात ना सांधा, ना आकड्या.

म्हणून तयार कापड काढून ठेवा. मंगलदास मार्केटमधून पातळ मांजरपाट आणा आणि 28 बाय 4 सेंमीच्या दहा पट्ट्या मुलांकडून कापून घ्या. शिवणीसाठी कापड वाढवून घ्यायला विसरलं तर जोडलेला पट 40 सेंमीपेक्षा बराच कमी भरतो आणि सांधा अंतरपटावर येत नाही. त्यापेक्षा पट्ट्या कडेला कड लावून मागून कापडी टेपने जोडाव्यात. पन्नास आकड्या या मापात अशक्य, ब्लाउजचे पाच हूक पुरतात. वरच्या पडद्याला पातळ गोणपाट. घोंगडीचा तुकडा फक्त हाताळायला द्या, कारण ती जाड असल्याने घडी बसत नाही. शिवाय ती मेंढीच्या लोकरीची असते, हेही सांगा.

फळ्या 48 आहेत आणि नेमक्या कापल्यात. दीड सेंमीच्या वीस फळ्या म्हणजे 30 सेंमीची बाजू, चोख. प्रत्येक फळीखाली दोन बैठका असायला हव्यात. 96 त्या आणि अंतरपटाच्या चार खांबांच्या 4, मिळून चांदीच्या शंभर. संचात मात्र बैठका नाहीत, नुसती एक लांब खाच आहे. समजण्यासारखं आहे, पण निदान पट्टीवर त्यांची आखणी तरी हवी होती.

आतल्या वस्तूंबाबत संच गप्प राहून प्रमाण मोडतो. कोश, म्हणजे दहा आज्ञांच्या पाट्या ठेवायची पेटी, अडीच हात लांब, म्हणजे इथे अडीच सेंमी हवा. दिलाय जवळजवळ दुप्पट, आणि तसं कुठे लिहिलेलं नाही. चौकस मुलगी लगेच पट्टी लावते. वस्तू वेगळ्या प्रमाणात, एका हाताला 4 सेंमी धरून जाड पुठ्ठ्याच्या कराव्यात. कोश 10 बाय 6 बाय 6, मेज 8 बाय 4 आणि उंची 6, धूपवेदी 4 बाय 4 आणि उंची 8. होमवेदी 20 बाय 20 आणि उंची 12. तशी केली, की ती बाकीच्यांपेक्षा किती मोठी होती हे डोळ्यांना दिसतं. दीपवृक्षाला वचनात मापच नाही. तो एकाच सोन्याच्या तुकड्यातून घडवायचा होता, म्हणून तांब्याची एक अखंड तार वाकवून सात दिवे करायला सांगा. संचातला प्लास्टिकचा टाकून द्या. बाभळीच्या लाकडाचा एक ढलपा सुताराकडून आणून वर्गात फिरवला, तर कोश सोन्याने मढवण्याआधी कसा होता तेही कळेल.

पावसाळ्यात मुंबईच्या हवेत एमडीएफ फुगतो आणि खांब भोकात जात नाहीत. ठोकू नका, तळपाट तडकतो. खांबाचं टोक पॉलिश पेपरने घासा. फेव्हिकॉल लावल्यावर पुढचा टप्पा दुसऱ्या दिवशीच. 35 मिनिटांच्या तासात एका दिवसात एकच भाग होतो, त्यामुळे एकूण सहा तास धरा. एका संचाभोवती सहापेक्षा जास्त मुलं बसली तर दोघं काम करतात आणि बाकीची बघत राहतात. पन्नासच्या वर्गात एक संच आणून भागत नाही. एक संच नमुन्याला ठेवावा आणि बाकी गटांनी पुठ्ठा आणि बांबूच्या काड्या वापरून करावं.

आपल्या शाळांमधून इतर धर्मांची मुलं मोठ्या संख्येने असतात. राज्यघटनेच्या 28व्या कलमाच्या तिसऱ्या भागाप्रमाणे, सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत सहभागी करण्याआधी अल्पवयीन मुलाच्या पालकाची संमती लागते. डायरीत आधी लेखी संमती घ्यावी. ज्यांची नसेल त्यांना गणिताच्या तासाला मापाचं आणि प्रमाणाचं काम द्यावं. प्रार्थना वेगळ्या वेळी.

आणि मंडप पुरा झाल्यावर मुंबईतल्या काळा घोड्याचं 1884 सालचं केनेसेथ एलियाहू सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, आधी परवानगी काढून दाखवा. तिथे तोराच्या, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांच्या, गुंडाळ्या ठेवायची पवित्र पेटी आहे. हा मंडप आधी ज्यांच्या वाडवडिलांचा, त्या ज्यूंमधले बेने इस्राएल शेकडो वर्षं मराठी बोलत आलेत, हेही मुलांना तिथेच सांगता येतं.

घ्यायचा असेल तर तळपाट, खांब आणि फळ्यांसाठी घ्या. एवढं अचूक काम हाताने होत नाही. पडदे आणि वस्तू मुलांवर सोपवा. वर्ष संपलं की फळ्या क्रमांक टाकून, सिलिका जेलच्या पुड्यांसह झाकणाच्या डब्यात ठेवा आणि तळपाट कधीही उभा टेकवून ठेवू नका, तो वाकतो.