डुक्कर निरोगी दिसतंय, तरी तपासायचं कसं? एलायझा, पीसीआर की दोरीवरची लाळ

नवीन माद्या घ्यायला गेलं की विकणारा सांगतो, खातायत, पितायत, ताप नाही. लपलेल्या विषाणूसंसर्गात हे सगळं खरं असतं आणि तरीही तीच मादी तुमच्या कळपात रोग आणते. म्हणून वराहपालकाने तपासणीला पैसे ठेवायलाच हवेत. ते कुठल्या तपासणीवर घालायचे, एवढंच ठरवायचं आहे.

स्वस्त पडते ती एलायझा. ती रक्तातली प्रतिपिंडं (विषाणूशी लढायला शरीर तयार करतं ती प्रथिनं) बघते, म्हणजे या जनावराची विषाणूशी कधीतरी गाठ पडली होती का, हे सांगते. संसर्गानंतर प्रतिपिंडं दिसायला साधारण दोन आठवडे जातात, त्यामुळे ताजा संसर्ग सुटतो. क्लासिकल स्वाइन फीव्हर या डुकरांच्या विषाणूजन्य तापात अडचण आणखी वाढते. आपल्याकडे त्याची जिवंत लस देतात आणि लसीची प्रतिपिंडं रोगाच्या प्रतिपिंडांपासून वेगळी ओळखता येत नाहीत. शेजारी गाई-मेंढ्या असतील तर त्यांच्यातल्या जवळच्या विषाणूंमुळेही निकाल चुकीचा पॉझिटिव्ह येऊ शकतो.

खरा धोका मात्र निगेटिव्ह निकालात आहे. डुकरिणीचा गाभणकाळ सुमारे ११४ दिवसांचा. त्याच्या मधल्या टप्प्यात तिला क्लासिकल स्वाइन फीव्हरचा संसर्ग झाला, तर काही पिल्लं विषाणू घेऊनच जन्मतात. त्यांचं शरीर त्या विषाणूला परका मानत नाही, प्रतिपिंडं तयारच करत नाही. पिल्लू धडधाकट दिसतं, एलायझा निगेटिव्ह येते, आणि ते कित्येक महिने विषाणू पसरवत राहतं. असं पिल्लू निव्वळ एलायझाच्या कागदावर विश्वास ठेवून विकत घेऊ नका.

ते पकडते पीसीआर. ती विषाणूचाच अंश शोधते. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीत घेतलेलं रक्त बर्फावर प्रयोगशाळेत पोचवायचं. खर्च जास्त, पण इथे तो सार्थकी लागतो. नुकती जिवंत लस दिली असेल तर तसं कळवा, कारण लसीचा विषाणूही काही काळ सापडू शकतो.

पीसीआरलाही सगळं दिसत नाही. पीआरआरएस या डुकरांच्या प्रजननावर आणि श्वसनावर परिणाम करणाऱ्या विषाणूजन्य रोगात मोठ्या जनावराच्या रक्तातून विषाणू काही आठवड्यांत नाहीसा होतो, पण टॉन्सिल आणि लसिकाग्रंथींमध्ये शंभराहून जास्त दिवस टिकू शकतो. तेव्हा रक्ताची पीसीआर गप्प असते आणि एलायझा बोलते. नमुना कुठून घेतला यावर किती अवलंबून असतं, हे जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेतल्या मेरीलँडमध्ये दिसलं. डेव्हिड बेनेट या रुग्णाला डुकराचं हृदय बसवलं. त्या डुकराच्या नाकातल्या नमुन्यात काही सापडलं नव्हतं, पण हृदयासोबत डुकरांचा सायटोमेगॅलोव्हायरस हा लपून राहणारा विषाणू आला.

तिसरा पर्याय दोरीचा. कप्प्यात डुकरांच्या खांद्याच्या उंचीवर सुती दोरी अर्धा तास टांगायची. डुकरं ती हौसेने चघळतात. मग दोरी पिशवीत पिळून लाळ काढायची. वीसेक डुकरांचा एकच नमुना होतो, कुणाला धरावं लागत नाही, सुई लागत नाही. पीआरआरएसची पाळत ठेवायला ही पद्धत फार चांगली. पण कुठलं जनावर बाधित आहे ते कळत नाही आणि दूध पिणारी पिल्लं दोरीला फारशी तोंड लावत नाहीत. प्रयोगशाळा लाळ घेते का, ते आधी फोन करून विचारा.

किती जनावरं तपासायची? मोठ्या कळपात दहा टक्के डुकरं बाधित असतील, तर ३० जनावरं तपासल्यावर निदान एक सापडण्याची शक्यता ९५ टक्के असते. एक टक्काच बाधित असतील तर त्यासाठी सुमारे ३०० लागतात. म्हणून 'पाच तपासली, पाचही निगेटिव्ह' यावर कळपाचा भरवसा ठेवता येत नाही.

माझं मत असं: विकत आणलेल्या प्रत्येक जनावराची आल्याबरोबर पीसीआर आणि एलायझा दोन्ही करा, निदान महिनाभर वेगळं ठेवा, आणि कळपात सोडण्याआधी दोन्ही पुन्हा करा. पैसे कमी असतील तर तपासण्या गाळण्याऐवजी जनावरं कमी घ्या. घरच्या वाढत्या डुकरांवर दोरीने लक्ष ठेवा.

आफ्रिकन स्वाइन फीव्हरचा (हा क्लासिकलहून वेगळा रोग) संशय असेल तर यातलं काहीच तुम्ही निवडायचं नाही. २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलात तो भारतात पहिल्यांदा आढळला. ताबडतोब सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. नमुने तेच घेतील आणि भोपाळच्या राष्ट्रीय पशुरोग संस्थेकडून खात्री करून घेतील. तोवर एकही जनावर हलवू नका, विकू नका.