अर्ध्या तासाचं कार्डिओ तासभर केलं तर वजन लवकर उतरेल?

रोज अर्धा तास चालणं किंवा पळणं चालू आहे, वजन उतरतंय, पण मुंगीच्या पावलांनी. मग दोन वाटा दिसतात: व्यायामाचा वेळ दुप्पट करायचा, की खाणं थोडं आवरायचं. मी दोन्ही करून पाहिलंय, म्हणून कौल आधीच देतो. वजन उतरवायचीच घाई असेल, तर खाणं आवरा.

आधी साधा हिशेब. 70 किलोच्या माणसाने अर्धा तास भराभर चालल्यावर, बसल्या जागी खर्च झाल्याच असत्या त्या कॅलरी वजा केल्या, तर हाती साधारण सव्वाशे उरतात. ट्रेडमिलच्या पडद्यावरचा आकडा मोठा दिसतो, कारण त्यात त्या बसल्या जागच्याही धरलेल्या असतात. आणि 30 ग्रॅम बदाम, म्हणजे जेमतेम एक मूठ, 170 कॅलरींच्या घरात जातात. पळालात तर गणित सुधारतं: 5 किलोमीटरला साडेतीनशेच्या आसपास. पण किलोभर चरबीत सुमारे 7,700 कॅलरी असतात. भागाकार तुम्हीच करा.

तोही शरीर गप्प बसलं तर! कोपनहेगनमध्ये बैठ्या सवयीच्या, थोडं जास्त वजन असलेल्या तरुणांचे गट करून 13 आठवडे एका गटाकडून रोज 300 आणि दुसऱ्याकडून 600 कॅलरींचा व्यायाम करवून घेतला होता. 2012 साली निकाल छापून आला. कमी व्यायामवाल्यांचं वजन सरासरी 3.6 किलोने उतरलं, दुप्पटवाल्यांचं 2.7 किलोने. चरबी दोघांचीही चारेक किलोच गेली. म्हणजे दुप्पट मेहनतीला दुप्पट फळ नाही. भूक वाढते, दोन घास जास्त जातात, आणि उरलेल्या दिवसात आपण नकळत हालचाल कमी करतो. माझ्या वहीत तासभर पळण्याच्या दिवसांपुढे 'दुपारी आडवा' असं इतक्यांदा लिहिलंय की नंतर मी नुसतं 'आ' लिहायला लागलो. त्या दिवशी जिनाही चढवत नाही, लिफ्टच लागते.

खाणं आवरण्याची बाजूही निर्मळ नाही. रोज 300 ते 400 कॅलरी कमी केल्या की काटा लवकर हलतो, पण चिडचिड होते, आणि प्रथिनं व वजनं उचलण्याचा व्यायाम दोन्हीकडे दुर्लक्ष केलं तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात. म्हणून हाताशी जादा अर्धा तास असेलच, तर तो मी आठवड्यातून दोन-तीन दिवस वजनं उचलण्याला देईन. त्याने काटा फारसा हलणार नाही, हे मात्र आधीच समजून घ्या.

मग जादा कार्डिओ कोणी करावं? वजन उतरवून झालंय आणि ते टिकवायचंय, त्यांनी. अमेरिकेत 1994 पासून एक नोंदवही चालते, नॅशनल वेट कंट्रोल रजिस्ट्री. किमान 13.6 किलो उतरवून वर्षभर टिकवलेल्यांनाच तिच्यात घेतात, आणि त्यातले बहुतेक जण रोज सरासरी तासभर व्यायाम करत असल्याचं सांगतात. हृदय, रक्तदाब, झोप यांच्यासाठीही कार्डिओ हवंच. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम सुचवते. सध्या काहीच करत नसाल, तर ही तुलना तुमच्यासाठी नाहीच. पहिला अर्धा तास डोळे मिटून सुरू करा.

आणि पळायलाच आवडत असेल तर पळा हो, कोण अडवतंय? फक्त दर आठवड्याला दहा-दहा मिनिटांनी वाढवा, एकदम दुप्पट करू नका. पहिल्या एक-दोन आठवड्यांत काटा वर सरकला तर घाबरू नका. दुखणारे स्नायू पाणी धरून ठेवतात. रोजच्या आकड्याऐवजी आठवड्याची सरासरी बघा, आणि कमरेला टेप लावा.