एका फळीवर भुललो

आमच्या गच्चीवरच्या डेकला 42 फळ्या आहेत. त्यातल्या एका फळीचं काम अप्रतिम झालं, आणि तिच्याच जोरावर उरलेल्या 41 फळ्यांचे पैसे मी हसत हसत मोजले.

बावधनला टेरेस फ्लॅट घेतला तेव्हा हौसेने 20 बाय 11 फुटांचा सागवानी डेक करून घेतला होता. आठ उन्हाळे-पावसाळे खाऊन तो पार राखाडी पडला. फटींत शेवाळ, अनवाणी गेलं की पायात कूस. ओळखीतल्या ओळखीतून एक ‘वुड एक्स्पर्ट’ मिळाला. त्याचं नाव लिहीत नाही. त्याने मला सांगितलं तेच त्याचं खरं नाव होतं का, हीही आता शंकाच आहे.

माणूस गोडबोल्या होता, पण गोडबोल्यांना मी सहसा भुलत नाही. मला पटलं ते त्याचं काम. एप्रिलमध्ये त्याने तुळशीच्या कुंडीजवळची एक फळी स्वतः करून दाखवली. ऑक्झॅलिक ॲसिडच्या पाण्याने ब्रश मारून धुतली, मग भरपूर पाणी ओतून ॲसिड काढलं आणि दोन दिवस वाळू दिली. त्यानंतर 60 नंबरचा सँडपेपर, त्यावर 80 चा. “याहून बारीक मारायचा नाही साहेब, लाकूड फार गुळगुळीत झालं की तेल पीत नाही.” यातलं अक्षर न् अक्षर खरं आहे. उन्हाने लाकडातलं लिग्निन मोडतं आणि वरचा पातळ थर करडा पडतो, आतलं सागवान शाबूत असतं. तो थर निघून तेलातला स्टेन, म्हणजे लाकडात मुरणारा रंग, बसला, तेव्हा आठ वर्षांपूर्वीची फळी परत आली. पाणी टाकलं तर थेंब वर तसेच उभे. बायको म्हणाली, “याला सोडू नका.”

भाव ठरला 140 रुपये चौरस फूट. 220 फुटांचे 30,800. मालासाठी 20,000 आगाऊ दिले.

मे महिन्यात भाच्याच्या मुंजीसाठी आम्ही साताऱ्याला गेलो, किल्ली शेजारी ठेवली. दीड दिवसात याचा फोन, “साहेब, काम झालं.” इथेच माझी ट्यूब पेटायला हवी होती. एक फळी वाळायला दोन दिवस लागले होते; मग 41 फळ्या धुऊन, वाळवून, घासून, वर दोन हात मारून दीड दिवसात झाल्या कशा? पण मी मांडवात होतो आणि डोक्यात जेवणाच्या पंगती होत्या.

रात्री नऊला घरी पोचलो. बल्बच्या उजेडात डेक गडद तपकिरी, चकचकीत. कोपऱ्यात चांगल्या कंपनीचे 4 लिटरचे 4 रिकामे डबे ओळीने मांडलेले. “सोळा लिटर माल पिऊन गेलं बघा तुमचं लाकूड.” मी 10,000 दिले. “वरचे 800 राहू द्या,” म्हणाला. त्या 800 चं कौतुक मी ऑफिसात दोन दिवस सांगत होतो.

पाय चिकटत होते, गॅरेजसारखा वास येत होता. “मुरतोय अजून,” असं फोनवर उत्तर. पाचव्या दिवशी वळीव आला आणि खालच्या काकूंचा फोन, “अहो, वर चहा उकळताय का? माझ्या पांढऱ्या चादरीवर सांडलाय.”

एक फळी उकलून भवानी पेठेत टिंबर मार्केटला नेली. तिथल्या म्हाताऱ्या व्यापाऱ्याने टर्पेंटाइनमध्ये फडकं बुडवून फळीवर फिरवलं, नाकाशी धरलं आणि माझ्याकडे बघितलं. “गाडीचं जळकं ऑइल आहे हे. डिझेलमध्ये पातळ करून रंगाचा स्टेनर टाकलाय.” नखाने खरवडलं तर खाली जुना राखाडी थर जसाच्या तसा. पेपर एकदाही लागलेला नव्हता. सोळा लिटरचं ऐकून तर ते हसलेच. एका लिटरमध्ये किती जागा होते ते डब्यावरच छापलेलं असतं. तेवढ्या डेकला दोन हातांना पाच-सहा लिटर पुष्कळ झाले. डबे आले तेव्हाच रिकामे असणार.

ऑइल प्यायलेलं लाकूड घासायला गेलं की पेपर लगेच भरतो, आणि त्यावर दुसरा स्टेनही धरत नाही. शेवटी पावसाळा संपल्यावर 41 फळ्या उलट्या केल्या आणि खालच्या बाजूवर रंधा मारला. त्याचे आणखी 24,000. या वेळी सीलबंद डबे माझ्यासमोर फोडले. पैसे टप्प्याटप्प्याने दिले: धुऊन झाल्यावर, घासून झाल्यावर, शेवटचा हात सुकल्यावर. स्टेनच्या आधी मी स्वतः प्रत्येक फळीवर पाणी शिंपडलं. उघडं, कोरडं लाकूड ते लगेच पितं, थेंब वर राहिला तर खाली काहीतरी फासलेलं आहे. (नवा सुतार जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून न टाकता दोरीवर पसरून वाळवायचा. बोळा आपोआप पेट घेतो म्हणे. मी नंतर वाचलं, खरंच घेतो.)

पहिल्याचा फोन एव्हाना बंद होता. यूपीआयवर तिसऱ्याच माणसाचं नाव, बिल नाही. वकील मित्र म्हणाला, ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते, 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, पेमेंटचे स्क्रीनशॉट आणि मेसेज पुरावा म्हणून लावता येतात. “पण नोटीस कुठल्या पत्त्यावर पाठवू?” घराची किल्ली दिलेल्या माणसाचा पत्ता मी विचारलाच नव्हता.

गेल्या महिन्यात कोथरूडच्या एका मित्राने फोटो पाठवला. त्याच्या बाल्कनीच्या लाकडासाठी कुणीतरी भाव दिला होता, सोबत ‘आमचं काम’ म्हणून नमुना. एकच फळी, उत्तम घासलेली, वर पाण्याचे थेंब. कडेला टवका उडालेली तुळशीची कुंडी होती. मी उठून गच्चीत गेलो आणि आमच्या कुंडीचा टवका जुळवून बघितला.