१० वॉटचा डायोड लेझर आणि गोव्यातलं लाकूड: एक पावसाळा काढल्यानंतर

लाकडावर अक्षरं कोरणाऱ्या या लेझर मशीनच्या खोक्यात सेटिंगचा एक गुळगुळीत चार्ट येतो. त्यावर बासवूड, वॉलनट, चेरी, पाइन. डिचोलीच्या आसपास कुठल्याही सॉमिलमध्ये जाऊन चेरी मागून बघा. आमच्याकडे फणस, सागवान, आंबा, शिसम, आणि हल्ली रबरवूड. इथे विकताना सागवानाची एक ओळ छापायला काय जात होतं? किंमत मात्र जीएसटीसकट बरोबर छापता येते.

मशीन घेतलं गेल्या दिवाळीनंतर. स्पेसिफिकेशन सगळ्यांना पाठ आहेत, ती उगाळत नाही. माझं काम म्हणजे घरांच्या पाट्या, देव्हाऱ्यावरची नावं आणि चवथीआधी पाटांवरची नक्षी. तेव्हा चार्ट बाजूला ठेवला आणि लाइटबर्न या लेझर चालवायच्या सॉफ्टवेअरमधल्या मटेरियल टेस्टच्या चौकोनांवर आलो: एका बाजूला वेग, दुसऱ्या बाजूला पॉवर. चाचणीसाठी वेगळा तुकडा जाळणं मला परवडत नाही, म्हणून चौकोन पाटीच्या मागच्या बाजूलाच काढतो. भिंतीकडचं कोण बघतंय?

फणस सगळ्यात गुणी. मिनिटाला ४००० मिमी, ४५ टक्के पॉवर, ओळींत ०.१ मिमी अंतर, की अक्षर गडद आणि कडा स्वच्छ. पिवळा रंग निळा प्रकाश शोषतो आणि हा लेझर ४५० नॅनोमीटरचा, म्हणजे निळाच. त्यामुळे कमी पॉवरला भागत असावं. सागवानाला ३००० वर ६० टक्के लागतात, शिवाय तेलकटपणामुळे अक्षराभोवती धुराचा डाग बसतो. आधी मास्किंग टेप लावा, नाहीतर पॉलिश पेपर घासत बसा. शिसमाचं काय सांगू, काळ्यावर काळं. तिथे वेग २००० वर आणून, पॉवर ८० करून खोलच कोरावं लागतं. अक्षर डोळ्यांआधी बोटाला कळतं.

इथवर मी खूश होतो. जूनमध्ये पाऊस लागला आणि त्याच फणसावर, त्याच सेटिंगला, अक्षरं चहा सांडल्यासारखी फिकी यायला लागली. सर्व्हिसवाल्यांना फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘मॉड्यूल वीक झालंय, नवीन घ्या.’ मॉड्यूल म्हणजे लेझर सोडणारा भाग. किंमत मशीनच्या निम्म्याला टेकलेली. वॉरंटीचं विचारलं तर म्हणे लेन्स आणि डायोड झिजणाऱ्या भागांत मोडतात. मग लेझर मशीनमध्ये उरलं काय, पट्टा आणि चार स्क्रू?

एवढे पैसे घालायची माझी तयारी नव्हती. मॉड्यूलखालची छोटी काच काढली, तर धुराने पिवळी पडलेली. आयसोप्रोपाइल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने पुसली, बराचसा जोर परत आला. सगळा नाही. उरलेल्याचं कारण आमच्या मेस्ताने, म्हणजे सुताराने, फळी हातात घेऊन सांगितलं: ‘ओली आसा.’

हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांवर गेली की लाकूड वजनाच्या २० टक्क्यांच्या आसपास पाणी धरतं. ६५ टक्क्यांना ते १२ च्या जवळ असतं. लेझरची उष्णता आधी ते पाणी उडवण्यात जाते, जाळायचं काम मागाहून. आता दोन पिनांचा ओलावा मीटर घेतलाय आणि फळ्या जुना पिवळा बल्ब लावलेल्या कपाटात ठेवतो. आकडा १३ च्या खाली आल्याशिवाय मशीन लावत नाही.

त्यामुळे माझं मत थोडं बदललंय. चार्टमध्ये सागवान असतं तरी ते आकडे फार तर मे महिन्यापर्यंत चालले असते. सेटिंग झाडाच्या नावावर लिहून ठेवण्यात अर्थ नाही. समोरच्या फळीवर, त्या दिवशी चौकोन काढायचे. तरी चार्टला माफी नाही. ‘कोरडं लाकूड वापरा’ एवढी ओळ तरी घालायची!

देवनागरी पाट्या करणाऱ्यांसाठी: काही फॉन्टमध्ये शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर चढतात आणि फिल करताना, म्हणजे अक्षराचा आतला भाग भरताना, नेमका तो भाग कोरा राहतो. वेल्ड केलं, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये ते आकार जोडून एकच केले, की प्रश्न मिटतो. हा ताप रोमन अक्षरांत सहसा येत नाही, म्हणून व्हिडिओंतही कोणी सांगत नाही.

प्लायला ४ मिमी जाडीत पूर्ण पॉवर, वेग ३००, हवेचा पंप चालू. एमआर ग्रेड, म्हणजे घरातल्या वापराचा साधा प्लाय, एका फेरीत सुटतो. मरीन प्लाय, म्हणजे आयएस ७१० वाला, दोन फेऱ्यांतही अडतो, कारण त्यातला फिनॉलिक गोंद कोळसा होऊन वाट अडवतो. बाहेरच्या पाटीला गिऱ्हाईक तोच मागतं. मी कापून घ्यायचे पैसे वेगळे लावतो. वाळवीला कंटाळून लोक पीव्हीसी बोर्डवर नाव कोरून मागतात, त्यांना सरळ नाही म्हणा. त्याच्या धुरात हायड्रोजन क्लोराइड असतो, छातीलाही वाईट आणि मशीनच्या लोखंडालाही.

आंबा अजून जमलेला नाही. एकाच फळीत मऊ पट्टा खोल जळतो आणि शेजारचा कोराच राहतो. त्या ऑर्डरी सध्या घेत नाही. पाचपैकी साडेतीन तारे: एक सर्व्हिससाठी कापला, अर्धा चार्टसाठी.