हिस्पॅनिक मतदार मोजायचे कोणत्या आकड्याने?

अमेरिकेत मतदारसंघांच्या सीमांवरून हिस्पॅनिक (स्पॅनिश भाषक देशांत मुळे असलेला) समाज न्यायालयात गेला की पहिला वाद संख्येचा होतो. मतदानात वंशावरून भेदभावाला मनाई करणाऱ्या, मतदान हक्क कायद्याच्या कलम 2 खाली दाद मागताना संबंधित समाज एखाद्या आटोपशीर मतदारसंघात बहुमतात येऊ शकतो हे दाखवावे, अशी अट 1986 च्या थॉर्नबर्ग विरुद्ध गिंगल्स खटल्यात घातली गेली, आणि बहुमत म्हणजे निम्म्याहून अधिक, हे 2009 च्या बार्टलेट विरुद्ध स्ट्रिकलंड निकालाने पक्के केले. निम्मे कोणाचे, हे मात्र आपण कोणता आकडा धरतो यावर ठरते.

जनगणनेतील प्रौढ लोकसंख्या ब्लॉकपर्यंत (जनगणनेच्या सर्वांत लहान घटकापर्यंत) मिळते, म्हणून ती हाताळायला सोपी. पण तिच्यात नागरिकत्वाची नोंद नसते, शिवाय 2020 मध्ये हिस्पॅनिक लोक सुमारे 5 टक्क्यांनी कमी मोजले गेल्याचे जनगणना विभागाच्याच पडताळणीत आढळले. टेक्सासच्या 23 व्या काँग्रेस (अमेरिकी संसद) मतदारसंघात फेररचनेनंतर हिस्पॅनिक प्रौढ जेमतेम बहुमतात राहिले, तरी प्रौढ नागरिकांत त्यांचा वाटा 46 टक्क्यांवर आला होता. 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसराच, म्हणजे प्रौढ नागरिकांचा, आकडा महत्त्वाचा मानला.

तो दुसरा आकडा अमेरिकन कम्युनिटी सर्व्हे या जनगणना विभागाच्या नमुना पाहणीतून, पाच वर्षांचे नमुने एकत्र करून काढतात. माझ्या मते दाव्याचा पाया याच्यावरच घालावा, पण त्याची त्रुटी लपवू नये. समजा, एका ब्लॉक गटात (शेजारच्या काही ब्लॉकांच्या समूहात) 600 प्रौढ नागरिक आहेत आणि त्यांतील हिस्पॅनिकांचा अंदाज 310, अधिक-उणे 95 असा आहे. म्हणजे खरा वाटा 36 टक्के असू शकतो किंवा 67 टक्केही. अनेक गट मिळून मोठा मतदारसंघ झाला की ही अनिश्चितता बरीच कमी होते, छोट्या शहराच्या प्रभागात ती तशीच राहते. त्यातच प्रस्तावित सीमेने एखादा गट मधोमध कापला, तर त्यातील नागरिक ब्लॉकनिहाय वाटून द्यावे लागतात, आणि भाड्याच्या इमारतीत व जुन्या वस्तीत नागरिकत्वाचे प्रमाण सारखेच असल्याचे गृहीत धरले जाते. विरुद्ध बाजूचा वकील नेमके इथेच बोट ठेवतो. पाच वर्षांची सरासरी असल्याने नुकतीच अठरा पूर्ण केलेली, तिथेच जन्मलेली मुलेही या आकड्यात उशिरा दिसतात.

तिसरा मार्ग मतदारयादीतील स्पॅनिश आडनावांचा. टेक्सासमध्ये नोंदणी करताना वंश विचारला जात नाही, म्हणून यादीतील नावे आडनावांच्या सूचीशी जुळवून पाहतात. इथे नमुन्याची त्रुटी नाही आणि प्रत्येक मतदाराचा पत्ता हाताशी असतो. चुका होतात त्या वेगळ्या: लग्नानंतर आडनाव बदललेल्या स्त्रिया निसटतात, तर स्पॅनिश आडनावांचे फिलिपिनो आत येतात. (परेरा, पिंटो यांच्या शेजारात वाढलेल्या गोव्याच्या वाचकाला हा घोटाळा समजावून सांगायला नको.) शिवाय नोंदणी न केलेले नागरिक यात येतच नाहीत, त्यामुळे गिंगल्सची अट एकट्या या आकड्यावर पेलणे मला धोक्याचे वाटते.

तरीही आडनावे जुळवण्याचे हे काम टाळू नये. वॉशिंग्टन राज्याच्या याकिमा खोऱ्यात 15 व्या विधिमंडळ मतदारसंघात हिस्पॅनिक प्रौढ नागरिकांना निसटते बहुमत दिले होते. पण त्यांचे मतदान कमी असल्याने पसंतीचा उमेदवार निवडण्याची समान संधी त्यांना मिळत नाही, असे 2023 मध्ये संघीय जिल्हा न्यायालयाने ठरवले. सर्व्हेचा आकडा 51-52 टक्क्यांवर अडला असेल, तर त्यांतले किती जण नोंदलेले आहेत आणि किती जण मतदानाला येतात हे नकाशा सादर करण्यापूर्वी आडनावांवरून तपासून घ्यावे.