घरगुती समारंभांच्या डीजेसाठी स्पीकर: १५ इंची जोडी, १२ इंची जोडी की १२ इंची आणि सब?

साखरपुडा, हळद, संगीत, सोसायटीच्या सभागृहातला वाढदिवस अशा ८० ते १५० माणसांच्या ऑर्डर घेण्यासाठी जो पहिल्यांदाच पॉवर्ड (आतच अ‍ॅम्प्लिफायर असलेला) स्पीकर विकत घेतो, त्याच्यापुढे दुकानदार बहुधा १५ इंचाची जोडी ठेवतो आणि ‘यात बेस आलाच, वेगळा सब कशाला?’ असे सांगतो. (सब म्हणजे सबवूफर, फक्त खालचे सूर वाजवणारा वेगळा स्पीकर.) माझे मत याच्या उलट आहे. आज १२ इंचाची चांगली जोडी घ्यावी आणि पुढच्या हंगामाच्या कमाईतून एक सब जोडावा.

याचे कारण कंपन्यांच्या आकड्यांतच सापडते. यामाहाच्या डीबीआर मालिकेतील १२ इंची स्पीकर ५२ हर्ट्झपर्यंत खाली उतरतो आणि त्याचा कमाल आवाज १३१ डेसिबल दिलेला आहे. त्याच मालिकेतील १५ इंची स्पीकर ५० हर्ट्झपर्यंत उतरतो आणि १३२ डेसिबल देतो. म्हणजे हातात पडतात ते दोन हर्ट्झ आणि एक डेसिबल, आणि त्यासाठी प्रत्येक डब्यामागे साडेतीन किलो वजन जास्त उचलावे लागते, कारण एक १५.८ किलोचा आहे आणि दुसरा १९.३ किलोचा. शिवाय हे हर्ट्झचे आकडे आवाज १० डेसिबलने खाली आलेला असतानाचे आहेत, त्यामुळे ढोलाचा ठोका छातीवर जाणवावा ही अपेक्षा दोघांपैकी एकही पूर्ण करत नाही. ते काम सबचेच आहे.

१५ इंची जोडीच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवायला हवी: सब कधीच घ्यायचा नसेल आणि माईकवर फारसे कोणी बोलणार नसेल, तर मोठ्या डब्याचा आवाज थोडा भरदार लागतो. परंतु आपल्याकडच्या समारंभात माईक सतत कोणाच्या तरी हातात असतो, आणि नवरीचा उखाणा शेवटच्या रांगेतल्या आजींना शब्दाशब्दाने ऐकू आला नाही, तर बाकीचा सगळा बेस व्यर्थ आहे. मोठा शंकू (स्पीकरचा हलणारा पडदा) वरच्या सुरांचा आवाज समोर अरुंद पट्ट्यात फेकू लागतो, म्हणून बाजूला बसलेल्यांना बोलणे किंचित पोकळ ऐकू येते. १२ इंचात हा दोष कमी जाणवतो.

वॉटच्या आकड्यावरून निर्णय घेऊ नये. डब्यावर छापलेले १००० वॉट क्षणिक असतात आणि सलग मिळणारी शक्ती पुष्कळदा त्याच्या निम्मीच असते. त्यातही शक्ती दुप्पट केली तरी आवाज ३ डेसिबलनेच वाढतो, तर मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की तो ६ डेसिबलने घटतो. गच्चीवर किंवा लॉनवर म्हणूनच जास्त वॉटपेक्षा स्पीकर स्टँडवर चढवून माणसांच्या डोक्यांच्या वर नेणे अधिक उपयोगी पडते.

वेगळ्या सबचा आणखी एक फायदा म्हणजे त्याचे बटण वेगळे असते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिवर्धक लावता येत नाही. पण १० वाजण्याच्या कितीतरी आधी शेजाऱ्यांच्या खिडक्या थरथरू लागतात, तेव्हा गाणे आणि बोलणे न बिघडवता केवळ सब खाली आणता येतो.

जोडणी करताना कंट्रोलरच्या (डीजे गाणी ज्यावर वाजवतो त्या यंत्राच्या) मास्टर आउटमधून, म्हणजे मुख्य आवाज बाहेर देणाऱ्या जोडणीतून, एक्सएलआर (तीन पिनांची) केबल निघावी, ती आधी सबला जावी आणि सबच्या हाय-पास आउटमधून (जिथून खालचे सूर कापून उरलेला आवाज पुढे जातो) दोन्ही टॉपना, म्हणजे १२ इंची स्पीकरना, जावी. सबने खालचे सूर आधीच कापलेले असताना टॉपच्या मागचे हाय-पासचे बटणही चालू ठेवले, तर मधला भाग पातळ होतो, म्हणून हे काम एकाच ठिकाणी करावे. स्पीकरमागचे बटण माईकवर नसून लाइनवर आहे, याची खात्री करावी. माईकवर राहिले तर कंट्रोलरचा आवाज जेमतेम वाढवताच लाल दिवा लागतो आणि आवाज फाटतो. आरसीए केबल (घरच्या म्युझिक सिस्टीमची लाल-पांढऱ्या टोकांची) घरात ठीक आहे, पण मंडपात दहा मीटर ओढल्यास ती गुणगुण पकडते.

या गुणगुणीबाबत एक अनुभव सांगणे आवश्यक वाटते. गच्चीवरच्या एका हळदीला मिक्सरची वायर जिन्यातल्या प्लगला आणि स्पीकरची पाण्याच्या टाकीजवळच्या प्लगला लावलेली होती, आणि गाणे थांबले की घूंऽऽ असा आवाज येत होता. तिथल्या वायरमनने अर्थिंगची तिसरी पिन काढून टाकायला सांगितले. हा सल्ला जिवावर बेतू शकतो, विशेषतः ओल्या गच्चीवर हळदीच्या हातांनी कोणी माईक धरणार असेल तेव्हा. मी दोन्ही वायरी एकाच बोर्डावर आणल्या आणि आवाज तिथेच थांबला. असे करूनही तो थांबला नाही, तर मधे ट्रान्सफॉर्मर असलेला डीआय बॉक्स (दोन यंत्रांमधला थेट विद्युत संपर्क तोडून आवाजाचा सिग्नल पुढे देणारी छोटी पेटी) लावावा.

चालू करताना आधी मिक्सर आणि शेवटी स्पीकर, बंद करताना आधी स्पीकर, हा क्रम पाळला की ‘धप्प’ असा धक्का स्पीकरला बसत नाही.

स्पीकर दुकानात ऐकताना स्वतःचा कंट्रोलर आणि माईक घेऊन जावे, एक गाणे लावून मग ते बंद करावे आणि सोबतच्या माणसाला माईकवर मराठीत पाच वाक्ये बोलायला सांगून आपण दुकानाच्या दाराशी, स्पीकरच्या समोर नव्हे तर बाजूला, उभे राहून ऐकावे.